विश्लेषण : असईची लढाई एका दुपारची, बिल शंभर वर्षांचे… कोण होता आर्थर वेलस्ली?

जालन्याहून सिंदखेडराजाकडे निघाले की तासाभराच्या आत जिल्ह्याची हद्द ओलांडली जाते. मराठवाडा मागे पडतो आणि विदर्भ सुरू होतो. जमीन तीच, पिके तीच, सोयरिकीही दोन्हीकडच्या. तरीही १८५३ पासून जवळपास शंभर वर्षे या हद्दीच्या एका बाजूला निजामाचा कारभार होता आणि दुसऱ्या बाजूला इंग्रजांचा. ही रेघ ना नदीने आखली, ना बोलीने. ती आखली एका फौजेच्या थकलेल्या पगाराने. या हिशेबाचे पहिले पान उघडले ते भोकरदनजवळच्या असई गावी, २३ सप्टेंबर १८०३ रोजी.

त्या दिवशी शिंदे आणि भोसले यांच्या फौजेचा पराभव करणारा आर्थर वेलस्ली ३४ वर्षांचा होता. पुढे तो ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला, वॉटर्लूला त्याने नेपोलियनला हरवले आणि ब्रिटनचा पंतप्रधानही झाला. जग त्याला वॉटर्लूसाठी ओळखते. रणांगणावरची सर्वात चांगली कामगिरी कोणती, असे उतारवयात विचारले गेले तेव्हा त्याने मात्र असईचे नाव घेतले होते.

आईने आशा सोडलेला मुलगा

वेलस्लीचा जन्म १७६९ मध्ये आयर्लंडमधील डब्लिनचा. नेपोलियनही त्याच वर्षीचा. घराणे सरदारांचे, पण पैसा आटलेला. वडील संगीताचे जाणकार होते, ते लवकर गेले. थोरला भाऊ रिचर्ड हुशार, आणि आर्थर म्हणजे कशातच लक्ष नसलेला पोरगा, असे घरातल्यांचे मत. ईटनच्या शाळेत तो रमला नाही. व्हायोलिन मात्र मन लावून वाजवायचा. याचे पुढे काय होणार, या काळजीने आईने त्याला फ्रान्समधील आंजे येथील घोडेस्वारीच्या विद्यालयात धाडले. ज्या देशाशी पुढे आयुष्यभर लढायचे, त्याची भाषा तो तिथेच शिकला.

त्या काळी इंग्रजी फौजेतील हुद्दे पैसे भरून मिळत. भावाच्या पैशावर आर्थर वर चढत गेला. १७९३ मध्ये फ्रान्सशी युद्ध सुरू झाले आणि त्याने आपले व्हायोलिन जाळून टाकले. दुसऱ्या वर्षी तो फ्लँडर्समध्ये, म्हणजे आजच्या बेल्जियम-हॉलंडच्या भागात, लढायला गेला. ती मोहीम पुरती फसली. कडाक्याच्या थंडीत रसद पोहोचली नाही, वरिष्ठ अधिकारी जागेवर नव्हते, सैनिक वाटेत मरत होते. लढाई कशी करू नये हे आपण तिथे शिकलो, असे तो पुढे सांगत असे. १७९७ मध्ये तो कोलकात्यात उतरला आणि पुढच्या वर्षी रिचर्ड भारताचा गव्हर्नर जनरल म्हणून आला. भावाच्या वशिल्याचा आरोप आर्थरला पुढे बरीच वर्षे चिकटून राहिला. तो अगदी खोटाही नव्हता.

युद्ध कारखान्यात कधी शिरले?

औद्योगिक युद्ध म्हटले की पहिले महायुद्ध आठवते : मशीनगन, विषारी वायू, खंदक. ते बरोबरच आहे. पण एकसारखी शस्त्रे लाखांनी तयार करायची, कर्ज काढून ती पुरवायची आणि अख्खा देश युद्धाला जुंपायचा, ही सवय युरोपला १७९२ ते १८१५ या काळात लागली. फ्रान्सने सक्तीची सैन्यभरती सुरू केली, तर ब्रिटनने कारखाने आणि कर्जरोखे यांचा आधार घेतला.

यात भारताचा वाटा मोठा होता. बंदुकीच्या दारूला लागणारा सोरा बिहारमधून जायचा. ईस्ट इंडिया कंपनीने आपल्या शिपायांसाठी एक स्वस्त, झटपट तयार होणारी बंदूक बनवून घेतली होती. फ्रान्सशी युद्ध पेटल्यावर ब्रिटिश सरकारला बंदुका कमी पडल्या, तेव्हा त्यांनी कंपनीच्या साठ्यातूनच त्या उचलल्या आणि पुढे तोच नमुना आपल्या फौजेसाठी कायम केला. ‘इंडिया पॅटर्न’ नावाची ही बंदूक बर्मिंगहॅम आणि लंडनच्या कारागिरांनी लाखांनी बनवली. वॉटर्लूला इंग्रज पायदळाच्या हातात तीच होती. म्हैसूरच्या अग्निबाणांची कथाही तशीच. १७९९ मध्ये श्रीरंगपट्टणजवळ सुलतानपेठच्या आमराईत रात्रीच्या अंधारात वेलस्लीचा हल्ला फसला, तेव्हा त्याच्या पलटणीवर हे बाण कोसळत होते. त्यांचे नमुने विलायतेला गेले आणि वुलिचच्या शस्त्रशाळेत त्यावरून काँग्रीव्ह रॉकेट तयार झाले. ते १८०७ मध्ये कोपनहेगन शहरावर डागले गेले.

मराठेही या शर्यतीत मागे नव्हते. महादजी शिंद्यांनी सॅव्हॉयचा सेनानी द बॉइन याच्याकडून कवायती पलटणी उभ्या करून घेतल्या होत्या. आग्र्याला तोफा ओतण्याचा कारखाना चालत होता. असईला हाती लागलेल्या तोफा पाहून खुद्द वेलस्लीने त्यांच्या घडणीचे कौतुक केले आहे. तलवारबाज मराठे विरुद्ध बंदूकवाले इंग्रज, असे असईचे चित्र आजही काही ठिकाणी रंगवले जाते. ते चुकीचे आहे. त्या दिवशी जास्त तोफा मराठ्यांकडेच होत्या.

बदनापूरला ठरले, असईला घडले

ऑक्टोबर १८०२ मध्ये हडपसरजवळ यशवंतराव होळकरांनी पेशवे आणि शिंदे यांच्या फौजांना हरवले. बाजीराव दुसरा वसईला पळाला आणि वर्षाच्या शेवटच्या दिवशी त्याने इंग्रजांची तैनाती फौज मान्य केली. वेलस्लीने एप्रिल १८०३ मध्ये पुणे गाठले आणि बाजीरावाला पुन्हा गादीवर बसवले. दौलतराव शिंदे आणि नागपूरकर रघुजी भोसले यांना हा तह मान्य होणे शक्यच नव्हते. ऑगस्टमध्ये युद्ध सुरू झाले. वेलस्लीने अहमदनगरचा किल्ला चार दिवसांत घेतला. त्याचा सहकारी कर्नल स्टीव्हन्सन याने सप्टेंबरच्या सुरुवातीला जालन्याचा किल्ला घेतला.

२१ सप्टेंबरला दोघे बदनापूरला भेटले. वेगवेगळ्या वाटांनी जायचे आणि २४ तारखेला भोकरदनच्या बाजूला असलेल्या मराठी फौजेवर एकत्र हल्ला करायचा, असे ठरले. पण २३ तारखेला नळणीच्या मुक्कामावर वेलस्लीला कळले की शत्रू अवघ्या काही मैलांवर, केळणा आणि जुई या दोन नद्यांच्या मधल्या पट्ट्यात आहे. स्टीव्हन्सन यायला अवकाश होता. वेलस्लीकडे प्रत्यक्ष लढणारे सुमारे साडेचार हजार, शिवाय म्हैसूरचे आणि पेशव्यांचे घोडदळ. या पेशव्यांच्या घोडदळात बापू गोखले होते. तेच बापू १८१८ मध्ये अष्टीला इंग्रजांशी लढताना पडले. समोर पोलमन या जर्मन अधिकाऱ्याच्या हाताखालचे दहा हजारांवर कवायती पायदळ, शंभराच्या आसपास तोफा आणि कित्येक हजार घोडेस्वार.

नदी ओलांडायला उतार नाही, असे वाटाड्यांनी सांगितले. वेलस्लीने दुर्बीण लावली. केळणेच्या दोन काठांवर दोन गावे समोरासमोर दिसली. इतकी जवळ वसलेली गावे एकमेकांकडे जात-येत असणारच, म्हणजे तिथे उतार असणारच, हा त्याचा तर्क. तो खरा निघाला आणि फौज मराठ्यांच्या बगलेवर उतरली. या एका अंदाजाचे युद्धशास्त्राच्या पुस्तकांत फार कौतुक होते. पुढे काय झाले ते मात्र इतके देखणे नाही.

पोलमनने आपली रांग झपाट्याने वळवली. एवढी शिस्त वेलस्लीला अपेक्षित नव्हती. तोफांच्या माऱ्यात इंग्रजांचे बैल आणि गोलंदाज पटापट पडले. उजवीकडची ७४ वी हायलँडर पलटण हुकूम चुकल्याने थेट असई गावाच्या तोंडाशी गेली आणि जवळपास कापली गेली. ताब्यात आलेल्या तोफांजवळ मेल्याचे सोंग घेऊन पडलेले मराठी गोलंदाज उठले आणि त्यांनी तोफा मागून इंग्रजांवर फिरवल्या. वेलस्लीचा एक घोडा गोळी लागून पडला, दुसऱ्याला भाला लागला. शिंदे आणि भोसले स्वतः मैदान सोडून गेले होते, मागचे मोठे घोडदळ जवळजवळ हललेच नाही. पायदळ एकटे लढले आणि हटले.

संध्याकाळपर्यंत ९८ तोफा इंग्रजांच्या हाती होत्या. त्यांचे ४२८ ठार, ११३८ जखमी आणि १८ बेपत्ता, म्हणजे लढलेल्यांपैकी जवळपास तिसरा हिस्सा. यात मद्रासचे तमिळ, तेलुगू शिपाई मोठ्या संख्येने होते. मराठ्यांचे सुमारे १२०० ठार झाल्याचा अंदाज आहे. त्या रात्री वेलस्ली गुडघ्यांत डोके घालून कितीतरी वेळ गप्प बसला होता आणि आपली सगळी माणसे मेली या भासाने झोपेतून दचकून उठत होता, असे त्याच्या चरित्रांत नोंदलेले आहे. जखमींना दौलताबादच्या किल्ल्यात घ्यायला निजामाच्या किल्लेदाराने नकार दिला. मग त्यांची सोय अजिंठ्याला झाली. ही गोष्ट वेलस्लीने मनात ठेवली. तिचा संबंध पुढे येणार आहे.

नोव्हेंबरअखेर अडगाव आणि डिसेंबरच्या मध्यावर गाविलगड पडले. देवगावच्या तहाने भोसल्यांचे वऱ्हाड गेले, ते निजामाला मिळाले. सुर्जी अंजनगावच्या तहाने शिंद्यांनी दिल्ली-आग्र्याचा दोआब आणि अजिंठ्याच्या डोंगराच्या दक्षिणेकडचा मुलूख सोडला. त्यात जालनाही होते.

शेतकऱ्यांच्या वाट्याला वेगळेच आले. होळकर, शिंदे, पेंढारी आणि इंग्रज अशा सगळ्यांच्या फौजा दोन वर्षे याच मुलखातून गेल्या होत्या. उभी पिके घोड्यांनी खाल्ली, धान्याची पेवे रिकामी झाली, त्यात पाऊसही फिरकला नाही. १८०३-०४ चा दुष्काळ दख्खनच्या जुन्या गॅझेटियरमध्ये सर्वात भीषण दुष्काळांपैकी एक म्हणून नोंदला आहे. अहमदनगरला वेलस्लीने कामे काढून उपाशी लोकांच्या पोटाची काही सोय केली. गावेच्या गावे मात्र ओस पडली.

बैलांवर जिंकलेला सेनापती

वेलस्लीची या काळातली पत्रे वाचली तर लढाईपेक्षा जास्त उल्लेख तांदूळ, बैल, दोरखंड आणि नदी ओलांडायच्या टोपल्यांचे सापडतात. म्हैसूरचे चपळ बैल त्याला प्राणापलीकडे. धान्यासाठी तो बंजारा तांड्यांवर अवलंबून होता आणि त्यांना रोख पैसे देण्याबद्दल काटेकोर होता. गावकऱ्यांना लुटले तर उद्या धान्य कोणी विकायला येणार नाही, हा साधा व्यवहार त्याला कळला होता. लुटणाऱ्या शिपायांना तो फासावर चढवायचा. दया हे त्याचे कारण नव्हते, पुरवठा हे होते.

१८०५ मध्ये तो सुमारे ४२ हजार पौंड गाठीला बांधून मायदेशी निघाला. वाटेत जहाज सेंट हेलेना बेटावर थांबले आणि तो ‘द ब्रायर्स’ नावाच्या घरी उतरला. दहा वर्षांनी वॉटर्लूचा पराभूत सम्राट याच बेटावर कैदी म्हणून आला आणि पहिले काही आठवडे त्याच घराच्या आवारात राहिला. इतिहासात असे योग क्वचितच येतात.

१८०८ पासून पोर्तुगाल आणि स्पेनमध्ये वेलस्लीने जे केले ते दख्खनचीच उजळणी होती. नेपोलियनची फौज मुलखावर जगायची, म्हणजे शेतकऱ्याचे ओरबाडून खायची. त्यामुळे गावोगावचे लोक तिच्यावर उलटले. वेलस्लीने खेचरे आणि बैलगाड्यांची रसद बांधली, शक्यतो पैसे मोजले, लिस्बनसमोर तटबंदीच्या रांगा उभारून शत्रूला उपाशी ठेवले. शिस्त दर वेळी टिकली नाही. १८१२ मध्ये बादाहोस शहर घेतल्यावर त्याच्या सैनिकांनी केलेले अत्याचार हा त्याच्या नावावरचा कायमचा डाग आहे. नेपोलियन त्याला हिणवून शिपायांचा सेनापती, म्हणजे हिंदुस्तानी शिपायांच्या जोरावर मोठा झालेला, म्हणायचा. १८ जून १८१५ रोजी वॉटर्लूला हा हिशेब मिटला, तोही प्रशियाची फौज ऐन वेळी आली म्हणून. एका दिवसात तिन्ही बाजूंचे मिळून पन्नास हजारांच्या आसपास ठार-जखमी झाले. मृतांचे दात उपटून त्यांच्या कवळ्या बाजारात विकल्या गेल्या.

वॉटर्लूनंतर युरोपचे काय झाले?

या तेवीस वर्षांच्या युद्धांत युरोपात ३५ ते ६० लाख माणसे गेली असावीत, असे इतिहासकारांचे अंदाज आहेत. व्हिएन्नाच्या परिषदेत विजेत्यांनी नकाशा नव्याने आखला. वेलस्ली काही काळ तिथे ब्रिटनचा प्रतिनिधी होता, नंतर तीन वर्षे फ्रान्समधील संयुक्त फौजांचा प्रमुख. फ्रान्सचे लचके तोडू नयेत, असा त्याचा आग्रह होता. अपमानित शेजारी पुन्हा उठतो, हे त्याला दिसत होते. १९१९ मध्ये व्हर्सायला जर्मनीच्या बाबतीत हा विचार झाला नाही.

पण त्याच परिषदेने आणखी एक गोष्ट केली. फ्रान्सवर पहारा हवा म्हणून ऱ्हाइन नदीकाठचा मुलूख प्रशियाला दिला. त्याच पट्ट्यात रूरचा कोळसा होता. पुढच्या शतकात जर्मनीचे पोलाद आणि तोफा इथेच तयार झाल्या. बेल्जियम हॉलंडला जोडला गेला, १८३० मध्ये फुटून निघाला आणि १८३९ च्या कराराने मोठ्या सत्तांनी त्याच्या तटस्थतेची हमी घेतली. १९१४ मध्ये जर्मनीने ती मोडली आणि ब्रिटन युद्धात उतरला. त्या युद्धातली ब्रिटिशांची पहिली मोठी लढाई माँसला झाली. वॉटर्लूपासून ते ठिकाण पन्नास किलोमीटरच्या आत आहे.

ब्रिटनच्या घरातली स्थितीही सुखाची नव्हती. सरकारवरचे कर्ज देशाच्या वार्षिक उत्पन्नाच्या सुमारे दुप्पट झाले होते. त्याचे व्याज साबण, मेणबत्ती, साखर अशा वस्तूंवरच्या करांतून, म्हणजे गरिबाच्या खिशातून जायचे. जमीनदारांसाठी धान्याच्या आयातीवर बंधने आली आणि पाव महागला. फौजेतून सुटलेले लाखो जवान बेकार झाले. १८१९ मध्ये मँचेस्टरला मताधिकार मागणाऱ्या विणकरांच्या सभेवर घोडदळ घातले गेले. लोकांनी वॉटर्लूवरून त्या हत्याकांडाला पीटर्लू हे कडवट नाव दिले.

वेलस्ली १८२८ मध्ये पंतप्रधान झाला. कॅथलिकांना संसदेत बसण्याचा हक्क त्याने आपल्याच पक्षाचा विरोध पत्करून दिला, पण मताधिकार वाढवायला मात्र ठाम नकार दिला. सप्टेंबर १८३० मध्ये लिव्हरपूल-मँचेस्टर रेल्वेच्या उद्घाटनाला तो प्रमुख पाहुणा होता. वाटेत खासदार हस्किसन इंजिनाखाली सापडून दगावला. मँचेस्टरला जमलेल्या गिरणी कामगारांनी पंतप्रधानाची हुर्यो उडवली, तो डब्यातून खालीच उतरला नाही. दोन महिन्यांत त्याचे सरकार पडले. पुढच्या वर्षी जमावाने त्याच्या लंडनमधील घराच्या काचा फोडल्या आणि त्याने खिडक्यांना लोखंडी झडपा बसवल्या. ज्या गर्दीने कधीकाळी त्याची मिरवणूक काढली होती, तीच ही गर्दी.

जालन्याच्या छावणीचा पगार कोणी भरायचा?

इकडे दख्खनमध्ये १८०३ च्या मोहिमेचा एक निष्कर्ष इंग्रजांनी पक्का केला होता : निजामाची फौज कामाची नाही. दौलताबादच्या किल्लेदाराने केलेली अडवणूकही त्या तक्रारींत होती. मग निजामाच्या खर्चाने, पण इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली एक वेगळी फौज उभी राहिली. तिचे नाव पुढे हैदराबाद कंटिन्जंट झाले. जालना हे तिचे एक महत्त्वाचे ठाणे.

या फौजेचा खर्च निजामाला कधीच झेपला नाही. पगार भागवण्यासाठी हैदराबादच्या विल्यम पामर कंपनीकडून जबर व्याजाने कर्ज काढले गेले. पुढे कंपनी सरकारने तिचे देणे भागवले, तरी बाकी वाढतच गेली. सावकारांच्या हवाली झालेल्या परगण्यांत वसुली कशी होत असेल, हे मराठवाड्यातल्या वाचकाला वेगळे सांगायला नको.

१४ सप्टेंबर १८५२ रोजी वयाच्या ८३ व्या वर्षी वेलस्ली वॉल्मरच्या किल्ल्यात वारला. नोव्हेंबरमध्ये त्याची अंत्ययात्रा निघाली, तेव्हा लंडनचे रस्ते लाखोंच्या गर्दीने भरले होते. बारा घोड्यांनी ओढलेल्या शवगाड्याला वॉटर्लूला पकडलेल्या तोफा वितळवून काढलेले ब्राँझ वापरले होते. त्यानंतर सहा महिन्यांनी, २१ मे १८५३ रोजी, निजामाने कंटिन्जंटच्या खर्चापोटी वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केले. म्हणजे असईच्या युद्धात मिळालेला मुलूख असईच्या युद्धातून उभ्या राहिलेल्या फौजेच्या पगारात गेला.

वऱ्हाडचा कापूस मग रेल्वेने मुंबईला आणि तिथून मँचेस्टरच्या गिरण्यांना जाऊ लागला. बुलढाण्यात इंग्रजी महसूल पद्धत, कचेऱ्या आणि शाळा आल्या. पलीकडे जालन्यात निजामाची राजवट, उर्दूतला कारभार आणि जहागिरी राहिल्या. जिजाऊंचे माहेर सिंदखेड एका राज्यात, तर तिथून तीसेक किलोमीटरवरचे जालना दुसऱ्या राज्यात. हैदराबाद संस्थान १७ सप्टेंबर १९४८ रोजी भारतात आले आणि दोन्ही बाजू एका राज्यात यायला १९५६ उजाडले. मराठवाड्याचा अनुशेष आणि विदर्भाचा अनुशेष हे आजही वेगवेगळे मोजले जातात.

असईच्या हत्तीचे चिन्ह भारतीय लष्कराच्या मद्रास रेजिमेंटकडे आजही आहे. स्कॉटलंडमध्ये ७४ व्या पलटणीचा वारसा सांगणारी तुकडी २३ सप्टेंबरला असई दिवस पाळते. आणि हैदराबाद कंटिन्जंट १९०३ मध्ये मुख्य लष्करात विलीन झाल्यावर तिच्याच रिसाल्यातून विसावी डेक्कन हॉर्स तयार झाली. १४ जुलै १९१६ रोजी फ्रान्समधील सोमच्या रणांगणावर, हाय वूड नावाच्या झाडीशेजारी, या रिसाल्याचे स्वार भाले पुढे करून गव्हाच्या शेतातून जर्मन मशीनगनच्या रोखाने दौडत गेले.